थेंबाची परीक्षा ओटीवर

दिवाळी झाली, भात खळ्यावर आले, की आमच्या मुरबाड तालुक्यात दुसरी धावपळ सुरू होते. कुणाला नदीचे पाणी, कुणाला विहिरीचे, कुणाला बोअरचे. ज्याला जसा आधार, तसा तो भाजीच्या मागे लागतो. कुणी भेंडी टोकतो, कुणी काकडी, कुणी वांगी-मिरचीचे रोप टाकतो. कल्याणचा बाजार जवळ. पहाटे माल गाडीत चढला की उजाडेपर्यंत बाजारात. भात घरात खायला आणि भाजी हातात पैसा यायला, असा इथला हिशेब आहे. म्हणून रोप साधले तर हंगाम साधला, असे आमच्याकडे म्हणतात.

गेल्या वर्षी कार्तिकातल्या एका सकाळी मी अशाच एका घरी गेलो होतो. घरचे म्हातारे ओटीवर बसले होते. सगळे गाव त्यांना 'बाबा' म्हणते, मीही म्हणतो. चहा झाल्यावर त्यांनी कनवटीची एक छोटी बाटली काढून माझ्यापुढे धरली. बाटलीवर लिहिले होते, 'सिलिसिया ३०'.

"साहेब, हे रोपांसाठी. पाहुण्यांनी सांगितलं. बादलीत थोडे थेंब टाकायचे नि पाणी द्यायचं. रोप टणक होतं, मुळी सुटते. लावणीच्या वेळी आर्निका दिलं की रोप हबकत नाही म्हणे."

मी हसलो. म्हणालो, "बाबा, माणसाच्या औषधाचे थेंब वांग्याला? त्यात काही नाही. पैसे पाण्यात जातील."

बाबांनी शांतपणे विचारले, "तुम्ही करून पाहिलंत?"

मी गप्प झालो. कृषी विषयाची पदवी घेतलेली, नोकरीत डोक्याचे केस पांढरे झालेले, पण हा प्रयोग मी कधीच केला नव्हता. न करताच निकाल देणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. तेव्हा ठरवले की बाबांच्याच ओटीवर करून पाहायचे. त्याची ही हकीगत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कुठली ना कुठली बाटली अशीच येत असते, म्हणून ती सांगावीशी वाटते.

थेंबात असते तरी काय?

होमिओपॅथीचा पाया जर्मनीतील डॉ. सॅम्युएल हानेमान यांनी १७९६ सालच्या आपल्या लेखाने घातला. मूळ औषधाचा एक भाग घ्यायचा, नव्व्याण्णव भाग स्पिरिटात किंवा पाण्यात मिसळायचा आणि जोरजोराने हलवायचा. ही झाली पहिली पायरी. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा नव्व्याण्णव भागांत मिसळला की दुसरी. अशा तीस पायऱ्या झाल्या की बाटलीवर '३०' लिहितात.

आता आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यातले भातसा धरण डोळ्यांपुढे आणा. त्यात ९० कोटी घनमीटरांहून अधिक पाणी मावते. तुडुंब भरलेल्या त्या धरणात औषधाचा एक थेंब टाकून सगळे पाणी ढवळले, तर ते जेवढे पातळ होईल तेवढे औषध साधारण आठव्या पायरीलाच पातळ झालेले असते. बारावी पायरी ओलांडली की मूळ पदार्थाचा एक कणही बाटलीत राहण्याची खात्री देता येत नाही. मग तिसाव्या पायरीची गोष्टच नको. म्हणून रसायनशास्त्र म्हणते की त्या बाटलीत स्पिरिट आहे, दुसरे काही नाही. होमिओपॅथीवर विश्वास ठेवणारे म्हणतात की पदार्थ गेला तरी त्याचा गुण द्रवात उरतो. हा वाद जुना आहे.

पण शेतकऱ्याने वादात कशाला पडावे? गुण उरत असेल तर तो रोपात दिसायला हवा. हातच्या काकणाला आरसा कशाला, असेच बाबाही म्हणाले. अडचण एवढीच, की डोळ्यांना दिसते ते दर वेळी खरे असतेच असे नाही.

पहिली फेरी आणि आमची फजिती

पहिल्या खेपेला आम्ही सरळ दोन टोपल्या घेतल्या. तीच माती, तेच शेणखत, वांग्याचे तेच बियाणे. एकीला थेंबांचे पाणी, दुसरीला साधे. तीन आठवड्यांनी मी गेलो, तर औषधाच्या टोपलीतले रोप खरोखरच उंच आणि हिरवेगार. बाबांचा चेहरा खुलला. मला मात्र काय बोलावे ते सुचेना.

तेवढ्यात त्यांची सून बाहेर आली आणि सहज म्हणाली, "होणारच की. ती टोपली पायरीकडच्या कडेला असते, सकाळचं ऊन तिच्यावरच येतं. दुसरी भिंतीला. आणि बाबा तर दिवसातून चारदा औषधाच्या टोपलीलाच जाऊन बघतात. माती सुकली दिसली की हातचं पाणी घालतात."

झाले! ऊन, पाणी आणि माया या तिन्ही गोष्टी एकाच टोपलीला मिळाल्या होत्या. मग उंची थेंबाने वाढली की उन्हाने, हे कोण सांगणार? यात बाबांची लबाडी नव्हती. ज्या रोपावर आपली आशा असते, त्याच्याकडे हात आपोआप वळतो. रोपाला कशावर भरवसा नसतो, पण पाणी घालणाऱ्याला आणि फूटपट्टी धरणाऱ्याला असतो.

त्याच दिवसांत एक वाईटही घडले. बाबांनी शेतातला मोठा गादीवाफाही थेंबांच्याच भरवशावर टाकला होता. बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळायचे राहून गेले होते आणि वाफ्यात पाणी साचत होते. रोप बोटभर होते न होते तोच जमिनीलगत गळून आडवे पडू लागले. निम्मा वाफा गेला. सूनबाईंना उसनवारी करून बाहेरून रोप विकत आणावे लागले. लावणी लांबली ती वेगळीच.

"सांगितलं होतं ना," हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. पण ते बोलणे खरे झाले नसते. शेजारी थेंबांविना टाकलेला, बाकी सगळे सारखे असलेला दुसरा वाफा नव्हता, मग दोष थेंबांना तरी कसा द्यायचा? रोप कोलमडते ते मातीतल्या बुरशीने आणि साचलेल्या ओलीने. थेंबांचा दोष एवढाच, की त्यांच्या भरवशावर हातचा उपाय राहून गेला.

चहाच्या कपातले शहाणपण

कॉलेजात आम्हांला एक जाड पुस्तक होते. डॉ. वि. गो. पानसे आणि डॉ. पां. वा. सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी शेतीच्या प्रयोगांवर लिहिलेले. भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते १९५४ साली काढले. सुखात्मे हे साताऱ्याकडच्या बुध गावचे. तेव्हा परीक्षेपुरते पाठ केले होते. बाबांच्या ओटीवर त्याचा अर्थ नीट कळला.

या शास्त्राचे एक थोर जाणकार म्हणजे इंग्लंडचे रोनाल्ड फिशर. त्यांच्या १९३५ सालच्या पुस्तकात एक गमतीची गोष्ट आहे. एक बाई म्हणाल्या की कपात दूध आधी घातले की चहा, हे मी चवीवरून ओळखते. मग कसोटी अशी, की आठ कप करायचे, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. कप उलटसुलट क्रमाने द्यायचे आणि बाईंनी दूध आधीचे चार निवडायचे. आठांतून चार निवडण्याच्या ७० तऱ्हा होतात. म्हणजे नुसत्या अंदाजाने चारही बरोबर येण्याचा संभव सत्तरांत एक. कप चारच घेतले, तर दोन निवडण्याच्या तऱ्हा सहाच. आणि आम्ही केल्या तशा दोनच टोपल्या असल्या, तर सगळी नाणेफेक!

दुसरी शिकवण फ्रान्सची. १९८८ साली जाक बेनव्हनिस्त या शास्त्रज्ञांनी 'नेचर' या प्रसिद्ध नियतकालिकात लिहिले की एक पदार्थ कणही उरणार नाही इतका पातळ केला तरी रक्तातल्या पेशींवर त्याचा परिणाम दिसतो. जगभर खळबळ उडाली. नियतकालिकाचे संपादक जॉन मॅडॉक्स दोघांना बरोबर घेऊन प्रयोगशाळेत गेले. कोणत्या नळीत काय, हे कागदावर लिहून तो कागद पाकिटात बंद केला आणि पाकीट छताला चिकटवून ठेवले. मोजणाऱ्यांना काही माहीत नाही, अशा तऱ्हेने प्रयोग झाला तेव्हा परिणाम दिसेनासा झाला. बेनव्हनिस्त यांना तो निकाल कधीच मान्य झाला नाही.

वनस्पतींवरही असे प्रयोग फार झाले आहेत. लिली कोलिस्को या बाईंनी १९२३ साली अतिपातळ द्रवांत वाढवलेल्या गव्हाच्या अंकुरांची मापे प्रसिद्ध केली. इटलीत बोलोन्या येथे आर्सेनिकाचे विष दिलेल्या गव्हाला होमिओपॅथीचे आर्सेनिक दिले, तेव्हा अंकुर वाढल्याचे नोंदले गेले. तोच प्रयोग दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा केला व २००५ साली प्रसिद्ध केला, तर वाढ किंचित घटलेली दिसली. आपल्या देशात शांतिनिकेतनचे प्रा. सुकुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली लिहिले की मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी आलेल्या भेंडीवर 'सिना' या औषधाने गाठी कमी झाल्या. भेंडी हे आमच्या मुरबाडचे पीक, म्हणून ते वाचून मीही थबकलो. पण प्रयोगाची खरी किंमत कळते ती दुसऱ्या गावी, दुसऱ्या हातांनी केल्यावर. कृषी विद्यापीठ नवीन वाणसुद्धा एका शेतावर पाहून देत नाही, ठिकठिकाणी आणि वर्षानुवर्षे पाहून देते.

आठ टोपल्यांची कसोटी

मार्गशीर्षात आम्ही नव्याने मांडामांड केली. आपल्यालाही घरी करता यावी म्हणून पद्धत सांगतो.

एकसारख्या आठ टोपल्या घेतल्या. माती व शेणखत एकाच ढिगात कालवून प्रत्येकीत मापून भरले. प्रत्येक टोपलीत एकाच पुड्यातले वांग्याचे २५ दाणे सारख्या खोलीवर टोकले.

मग बाबांच्या नातीला बोलावले. ती नववीत आहे. तिला एका बाजूला औषधाची बाटली दिली आणि दुसऱ्या बाजूला औषध ज्यात बनवतात तसले साधे स्पिरिट. दुसरीकडे नुसते पाणी ठेवले असते, तर स्पिरिटाचा परिणाम औषधाच्या नावावर गेला असता. तिने एकटीने खोलीत बसून पाण्याच्या आठ बाटल्या भरल्या. चारांत औषधाचे दहा थेंब, चारांत स्पिरिटाचे दहा थेंब. कोणत्या चारांत काय, हे तिने चिठ्ठ्या टाकून ठरवले. बाटल्यांवर फक्त १ ते ८ आकडे घातले. यादी पाकिटात बंद करून ते देवघरातल्या तसबिरीमागे ठेवले. पाणी संपले की तीच पुन्हा भरत असे.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'क' आणि 'ख' अशा दोनच बाटल्या ठेवून भागत नाही. कोणत्या टोपल्या एका गटातल्या आहेत हे डोळ्यांना कळले, की आठ टोपल्या असूनही पुन्हा नाणेफेकच होते. म्हणून प्रत्येक टोपलीची बाटली वेगळी.

टोपल्यांच्या जागाही चिठ्ठ्या टाकून ठरवल्या आणि एक दिवसाआड त्या फिरवत राहिलो, म्हणजे सकाळचे ऊन सगळ्यांच्या वाट्याला यावे. पाणी बाबांनीच घातले, पण एका ठरलेल्या पेल्याने. काय मोजायचे तेही आधीच वहीत लिहिले. पंचविसाव्या दिवशी रोपे मुळांसकट उपटायची, माती धुवायची, उन्हात कडकडीत वाळवायची आणि टोपलीवार वजन करायचे. नुसती उंची फसवते. सावलीतले रोप उंच होते पण लुकडे राहते. आधी न ठरवता शेवटी उंची, पाने, मुळी सगळे मोजत बसले, की त्यांतले एखादे माप आपल्या मनासारखे निघतेच.

पाकीट उघडले

पंचविसाव्या दिवशी सोनाराकडून काटा आणला. सूनबाईंनी वजने केली, मी वहीत लिहिली. सर्वांत भारी चार टोपल्यांचे आकडे पाटीवर मांडले. नात तसबिरीमागचे पाकीट घेऊन आली. शेजारचेही चार लोक जमले होते.

चारांपैकी तीन टोपल्या औषधाच्या निघाल्या!

बाबांनी मांडीवर थाप मारली. "बघा साहेब!"

मी पाटीवर हिशेब करून दाखवला. अंदाजाने चारांपैकी तीन किंवा त्याहून जास्त येण्याच्या तऱ्हा ७० पैकी १७ आहेत. म्हणजे औषध नसून नुसते पाणी असते, तरी चार खेपांतून एखाद्या खेपेला असे झालेच असते. चार खेपांत एकदा लागणाऱ्या गोष्टीवर तुम्ही पैसे लावाल का?

बाबा थोडा वेळ विचार करून म्हणाले, "मग परत करा."

हे वाक्य मला फार मोलाचे वाटले. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा सुरू झाली, बाबा घोंगडी घेऊन आले आणि आम्ही पुन्हा आठ टोपल्या भरल्या. नवी माती, नव्या चिठ्ठ्या, नवे पाकीट. माघात ते उघडले तेव्हा भारी चारांत औषधाची एकच टोपली होती. एकदा तीन, एकदा एक. दोन्ही मिळून आठांत चार. साध्या पाण्याकडूनही आपण एवढीच अपेक्षा केली असती.

एका ओटीवरच्या दोन खेपा म्हणजे संशोधन नव्हे, हे मी बाबांनाही सांगितले. जगात कुठे काही गुण नाहीच, असे यातून ठरत नाही. पण बाबांना जे हवे होते ते मिळाले. डोळ्यांना सहज दिसावा, पैसे मोजावेत, एवढा फरक त्यांच्या वांग्यात पडला नाही. आणि घरातल्या माणसांच्या औषधपाण्याबद्दल मी इथे काही म्हणत नाही. तो डॉक्टरांचा प्रांत.

जुन्यालाही कसोटी, नव्यालाही

बाबांना वाईट वाटले का? थोडे वाटले असावे. पण त्यांनी जे विचारले त्याने मला पुन्हा निरुत्तर केले.

"साहेब, थेंबांची परीक्षा घेतलीत, बरं केलंत. मग दुकानातून टॉनिकाच्या मोठ्या मोठ्या बाटल्या आणतो, त्यांची परीक्षा कुणी घेतली?"

प्रश्न रास्त होता. वाढीची टॉनिके वर्षानुवर्षे कुणाच्या परवान्याशिवाय विकली गेली. २०२१ साली केंद्र सरकारने अशी जैवउत्तेजके खत नियंत्रण आदेशाखाली आणली आणि विक्रीआधी परिणामाचा पुरावा मागायला सुरुवात केली. पण कागदावरचा पुरावा आणि आपल्या मातीतला पडताळा या दोन्ही गोष्टी पाहिजेत. आपला राबसुद्धा या परीक्षेतून सुटला नाही. पाला-शेणी जाळून भाताचे रोप टाकायची ही आपली जुनी रीत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकी जुन्या रीतीवर अभ्यास करून तो १९१२ साली प्रसिद्ध केला. काम राख करते की आच करते, हाही प्रश्न विचारण्यासारखाच आहे. जुने म्हणून मान डोलवू नये, नवे म्हणूनही नाही. साहेबाने सांगितले म्हणून तर मुळीच नाही.

परीक्षा होईपर्यंत मात्र हातचे काम सोडू नये. पाण्याचा निचरा होईल असा १५ सेंटिमीटर उंच, मीटरभर रुंद गादीवाफा करा. किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा आणि चांगल्या कुजलेल्या शेणखतातूनही ते वाफ्यात द्या. बी फेकू नका, ८ ते १० सेंटिमीटरवर ओळी काढून विरळ टाका. पाणी सकाळी द्या, म्हणजे रात्री वाफा ओलाकिच्च राहणार नाही. मिरचीच्या वाफ्यावर बारीक जाळी टाका, पांढरी माशी आणि फुलकिडे दूर राहतात. लावणीच्या आधी काही दिवस पाणी कमी करा, रोप आपोआप टणक होते. बाबांना त्या बाटलीतून हवा होता तो टणकपणा हाच.

यंदा बाबांचा वाफा मी पाहिला. गादी उंच, ओळी सरळ, रोप दाट हिरवे. ओटीवर पुन्हा आठ टोपल्या मांडल्या आहेत. या खेपेला चार टोपल्यांना दुकानातले टॉनिक आहे आणि चारांना साधे पाणी. नात आता दहावीला गेली. अभ्यास सांभाळून तिने चिठ्ठ्या टाकल्या आणि पाण्यालाही टॉनिकासारखाच तपकिरी रंग यावा म्हणून त्यात कोऱ्या चहाचे चार थेंब घालू का, असे मला विचारले. मी म्हणालो, "बाळ, मग चहाचाही गुण पाहावा लागेल. बाटल्यांना कागद गुंडाळ." तिने लगेच कागद गुंडाळले.

पाणी मात्र या वेळी शेजारची एक बाई घालते. बाबांनी आपणहून सांगितले, "माझा हात टॉनिकाकडे वळेल." पाकीट तसबिरीमागे आहे. उघडायला अजून अकरा दिवस आहेत.